वरचं मीटर, खालचं मीटर

काटेमास्तरांचा देवावर विश्वास होता की नाही, ते देवालाच ठाऊक. काट्यावर मात्र त्यांचा पुरेपूर विश्वास होता. बाजारातल्या दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. खांद्याला पिशवी, पिशवीत पितळी वजनं, पकड, तेलाची कुपी. काटा दुरुस्त झाला की ते दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवत, मधली सुई थरथरून स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बघत आणि मग म्हणत, "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही." घरीही दिवसातून चार वेळा म्हणत. बायकोला ते इतकं पाठ झालं होतं की ते तोंड उघडायच्या आधीच ती मान हलवून मोकळी होई.

घर दोन मजली, वडिलांनी बांधलेलं. खाली मास्तर आणि त्यांची बायको. ती एका पाळणाघरात दिवसभर लोकांची पोरं सांभाळायची. स्वतःचं मूल झालं नाही, त्याबद्दल दोघं बोलत नसत. वर मास्तरांचा धाकटा भाऊ. तो घरं रंगवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला रंगारी म्हणायची. त्याची बायको आणि आठवीतली मुलगी, असं वरचं बिऱ्हाड. विजेचं मीटर मात्र दोन्ही घरांत मिळून एकच. एका महिन्याचं बिल वरून भरायचं, पुढच्या महिन्याचं खालून. कोणी किती जाळली, हे कोणी कधी विचारलं नाही. कपडे धुण्याचं मशीन वर होतं, त्यात खालचेही कपडे धुतले जात. फ्रिज खाली होता, त्यात वरचंही दूध राही. आणि दुधाशेजारी, दाराच्या कप्प्यात, एक निळी डबी असे. तिच्यात पुतणीचं इन्सुलिन. पोरीला सातव्या वर्षी साखरेचा आजार जडला. तेव्हापासून ती रोज स्वतःच्या हाताने सुई टोचून घेत होती. जुनी बाटली संपली की संध्याकाळी जिना उतरून यायची आणि म्हणायची, "काका, माझी बाटली द्या." मास्तर ती बाटली दोन्ही हातांनी द्यायचे. घरात त्यांना कोणी काही मागत असेल, तर ती एवढीच होती.

मग विजेचे दर वाढले. वाढले म्हणजे काय, धावत सुटले. त्यातही जितकी जास्त वापराल तितका दर चढा, आणि इथे दोन घरांची वीज एकाच मीटरवर मोजली जाणारी. उन्हाळा तोंडावर आला होता. बिल आलं ते पाहून मास्तरांचे डोळेच पांढरे झाले. आधीच्या बिलाच्या दुपटीहून जास्त. आणि भरायची पाळी खालची.

"वर मशीन घरघरतंय दिवसभर," मास्तर म्हणाले.

"त्यात आपलेही कपडे असतात," बायको म्हणाली.

"पंखे तीन आहेत वर. आपल्याकडे दोन."

"माणसंही तीन आहेत."

पण मास्तरांच्या मनात एकदा किडा शिरला की शिरला. पुढच्या महिन्यात रंगाऱ्याची पाळी आली, त्याने मुकाट्याने भरलं. कामं मंदावली होती, तरी भरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात मास्तरांनी बिल हातात घेतलं आणि जिन्याच्या तळाशी उभं राहून हाक मारली.

"हे असं नाही चालायचं. ज्याने जाळली त्याने भरावी. दोन लहान मीटरं लावू, एक वर, एक खाली."

रंगारी रंगाचे हात पुसत खाली आला. "दादा, आजवर कधी मोजलं नाही आपण."

"म्हणून तर हे दिवस आले."

"नको रे. मी दोन महिने लागोपाठ भरतो हवं तर."

"मला उपकार नकोत, हिशोब हवा. माणूस खोटं बोलतो..."

"माहीत आहे," रंगारी म्हणाला आणि वर गेला.

मीटरं बसली. जिन्याच्या तळाशी, शेजारी शेजारी. जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर टाकायचा यावर दोन दिवस खल झाला आणि शेवटी दिवाच काढून टाकला. आता वरची माणसं भिंत चाचपत चढायची. मास्तर सकाळ-संध्याकाळ मीटरांपुढे उभे राहायचे, नवऱ्या मुलाकडचे मुलीला बघतात तसे, वरपासून खालपर्यंत.

महिना भरला. आकडे वाचायला मास्तरांनी चष्मा पुसून घेतला. मग पुन्हा पुसला. खालचं मीटर वरच्यापेक्षा पुढे होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं ढळढळीत पुढे. दोन माणसांनी तीन माणसांपेक्षा जास्त जाळली होती.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. वाटणी निम्मी-निम्मी असती तर मास्तरांना कमी भरावं लागलं असतं. आता स्वतःच्या हट्टाने जास्त भरणं आलं. रंगारी हसला असता तर एक वेळ बरं झालं असतं. तो म्हणाला, "दादा, तो फ्रिजमुळे असेल. त्यात आमचंही सामान असतं. निम्मं-निम्मंच करू या." एवढ्या सरळ माणसाचा फार राग येतो. मास्तर म्हणाले, "काही गरज नाही. पुढच्या महिन्यात बघ."

पुढच्या महिन्यात बघ, म्हणजे काय करणार होते? मास्तरांनी एक बेत केला, बायकोलाही न सांगता. बायको सकाळी लवकर पाळणाघरात जायची, मास्तर मागून निघायचे आणि तिच्या आधी परतायचे. निघताना ते फ्रिजचं बटण बंद करू लागले. दार न उघडता दिवसभर थंडावा टिकतो, असा त्यांचा हिशोब. संध्याकाळी आल्यावर चालू करायचे आणि आतली गोल कळ पार शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवायचे, म्हणजे बायको यायच्या आत फ्रिज गार व्हावा. ती कळ मग तशीच रात्रभर राहायची. दिवसा जे वाचायचं ते रात्री फ्रिज व्याजासकट वसूल करायचा. दुसऱ्यांच्या काट्यातला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला हे कळू नये! पण ईर्षा डोक्यात शिरली की शहाणपण दार उघडून निघून जातं.

एक मात्र खरं. पोरीचं औषध ते विसरले नव्हते. दाराच्या कप्प्यात दिवसा ऊब लागेल म्हणून त्यांनी निळी डबी तिथून काढली आणि आत, अगदी वर, बर्फाच्या खणाला टेकवून ठेवली. फ्रिजमधली सगळ्यात थंड जागा. डबी सरकवताना त्यांना स्वतःचं कौतुकही वाटलं. पोरीची काळजी आपल्याला आहेच की, असं ते मनाशी म्हणाले.

दूध दोनदा नासलं. बायकोने विचारलं तेव्हा मास्तरांनी दूधवाल्याला चार शिव्या घातल्या.

एका संध्याकाळी पुतणी आली. "काका, माझी बाटली द्या." मास्तरांनी डबीतून नवी बाटली काढून दिली. नेहमीसारखी, दोन्ही हातांनी. बाटली बघायला अगदी चांगली होती. रात्री ती गोठली होती आणि दिवसा वितळली होती, हे तिच्याकडे बघून कोण सांगणार? काटा पितळेचा असतो, त्याची खोट दिसते.

पोर चार-पाच दिवसांत मलूल झाली. सारखं पाणी प्यायची. आईला वाटलं, उन्हाळा आहे. साखर मोजली तर चढलेली, म्हणून डोस वाढवला. वाढवलेलाही लागू पडेना. मग उलट्या सुरू झाल्या आणि श्वास असा खोल लागला की रंगाऱ्याने तिला उचललं आणि दिवा नसलेल्या त्या जिन्यावरून भिंतीला खांदा घासत खाली आणलं. मास्तर रिक्षा आणायला धावले. बाप पोरीला पोटाशी धरून बसला होता, त्याच्या हातावरचा पिवळा रंग तिच्या फ्रॉकला लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "इन्सुलिन कुठे ठेवता?"

"फ्रिजमध्ये," पोरीची आई म्हणाली. "पहिल्यापासून."

"गोठलं होतं का कधी? एकदा गोठलं की त्याची ताकद जाते. मग ते टोचणं आणि पाणी टोचणं सारखंच."

रंगारी भावाकडे वळला. "दादा, आपला फ्रिज ठीक चालतोय ना?"

आपला फ्रिज. दोन मीटरं लागल्यावरही त्याच्या तोंडात 'आपला'च होतं. मास्तरांच्या जिभेवर आलं होतं सगळं, बटण, कळ, डबी. बोलून टाकलं असतं तर भाऊ ओरडला असता, कदाचित हातही उगारला असता, आणि कधीतरी ते मिटलं असतं. पण समोर पोरीची आई उभी होती, डॉक्टरीणबाई होत्या, आणि मास्तरांना भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी.

"जुना झालाय रे," ते म्हणाले. "बिघडला असेल."

"तुला तरी कसं कळणार," रंगारी म्हणाला, आणि त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला.

पोर वाचली. आठवडाभर दवाखान्यात काढून घरी आली, अंगावरचा फ्रॉक ढगळ झालेला. मास्तरांनी त्या दिवशी कामाला दांडी मारली आणि गल्लीच्या तोंडाशी तिची वाट बघत उभे राहिले. ती म्हणाली, "काका, तुम्ही दवाखान्यात आत का नाही आलात?" त्यावर मास्तर खोकत राहिले.

फ्रिज बिघडला असं सांगितल्यावर तो चालू कसा ठेवायचा? दवाखान्यात तसं बोलले त्याच दिवशी मास्तरांनी तो बंद करून ठेवला होता. त्यावर रंगाऱ्याने काय करावं? दवाखान्याचं देणं डोक्यावर असताना हप्त्यावर नवा फ्रिज आणला. आणि ठेवला कुठे, तर खालीच. "वहिनीचे गुडघे दुखतात, तिला दुधासाठी जिना कशाला चढायला लावायचा?" म्हणाला. पोरीच्या आईने नवी निळी डबी स्वतः आणून दाराच्या कप्प्यात ठेवली. मास्तर बघत होते. त्यांना वाटलं, सुटलो. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

जुना फ्रिज न्यायला भंगारवाला आला. गडी पक्का व्यापारी. "चालू असेल तर वेगळा भाव देतो," म्हणाला आणि मास्तर नको नको म्हणत असताना त्याने वायर खुपसली. फ्रिज गुरगुरला. भंगारवाल्याने दार उघडून आत डोकं घातलं.

"ह्याला काय धाड भरलीय? उत्तम चाललाय. ही कळ तेवढी शेवटपर्यंत फिरवून ठेवलीय कुणीतरी. अशी ठेवल्यावर वरच्या खणातलं सगळं गोठणारच की."

"कळीला मी कधी हात लावत नाही," मास्तरांची बायको म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, सहज बोलली.

"आणि डबी मी दारातच ठेवायचे," जिन्याच्या पायरीवरून पोरीची आई हळू म्हणाली. "दूध घ्यायला आले तेव्हा वरच्या खणापाशी दिसली. मला वाटलं, ताईंनी हलवली."

"मी नाही ग," मास्तरांची बायको म्हणाली. मग तिला नासलेलं दूध आठवलं असावं, कारण ती नवऱ्याकडे बघायला लागली. मग सगळेच बघायला लागले. भंगारवाल्याला काहीतरी उमगलं, त्याने वायर काढली आणि तो वायरीला वेटोळं घालत बसला.

"दिवसा बंद ठेवत होतो," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "मीटर... तुझ्यापेक्षा कमी यावं म्हणून. डबी थंड जागी राहावी म्हणून मीच वर सरकवली. वाईट मनाने नाही रे."

रंगारी ओरडला नाही. "ते कळतं मला," तो म्हणाला. "पण तिथे विचारलं तेव्हा सांगायचं होतंस. ती आत होती, आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवला."

एवढंच बोलून तो कामाला गेला. त्याच्या बायकोने नव्या फ्रिजचं दार उघडलं, निळी डबी काढली, आणि पदराखाली धरून जिना चढली.

नवा फ्रिज वर नेला नाही कुणी. त्याचे हप्ते मात्र दर महिन्याला वरून जातात, न चुकता. वर फ्रिज नाही. पोरीचं औषध आता एका मातीच्या मडक्यात असतं, मडक्याभोवती ओला कपडा, आणि शाळेतून आल्यावर ती आधी तो कपडा भिजवते. खालचे कपडे आता मास्तरांची बायको मोरीत बसून हाताने धुते. तिने वर विचारलं नाही, वरून कुणी बोलावलंही नाही. पोर जिन्यात भेटली की हसते. बाटली मागायला येत नाही.

महिनाअखेरीला मास्तर मीटरांपुढे उभे राहिले. नवा फ्रिज वीज कमी खात होता. वरचं मशीन आता कमी चालत होतं, तरीही त्या महिन्याच्या वापरात पहिल्यांदाच खालचं मीटर वरच्यापेक्षा मागे होतं. त्यांनी चष्मा पुसला नाही. आकडा स्पष्ट दिसत होता.

ओल्या कपड्यांची बादली घेऊन बायको मागून जात होती. ती थांबली, तिनेही आकडा बघितला.

"आलं ना कमी?" ती म्हणाली. "मग जा वर, सांगून या."