यंत्राचा हिरवा दिवा

छत कोसळलं तेव्हा यंत्राचा दिवा हिरवाच होता. कोळशाच्या खाणीत सळईने छत ठोकून आवाज ऐकणं हे माझ्या नवऱ्याचं काम होतं. आवाज भरीव आला तर माणसं पुढे जायची, पोकळ आला तर मागे फिरायची. त्या दिवशी तो म्हणाला, "सर, पोकळ वाजतंय." छत धोक्याचं आहे का ते दिव्याने सांगणारं नवं यंत्र कंपनीसाठी तपासायला विद्यापीठाचे सर आले होते. ते हसले. "मामा, तुमच्या कानापेक्षा याला जास्त कळतं."

आता मी त्याच सरांच्या विभागात फरशी पुसते. दाराशी काचेच्या पेटीत ते यंत्र ठेवलंय. काल एक विद्यार्थिनी मैत्रिणीची वाट बघत त्या काचेवर बोटाने टकटक करत होती. माझा हात थांबला.

"काय बघताय, मावशी?"

"यंत्र."

"ते जुनं झालं. आता नवीन आलंय."

"ते तरी माणसाचं ऐकतं का?"

ती हसली आणि निघून गेली. तिचा काय दोष? इथे खडक शिकवतात, यंत्रं शिकवतात. खाणीतला माणूस थांबा म्हणाला तर थांबायचं, हे कुठल्या वर्गात शिकवतात ते मला अजून दिसलं नाही. पेटीखालच्या पाटीवर कंपनीचं आणि विद्यापीठाचं नाव आहे. छताखाली उभी राहिलेली माणसं मात्र आमची होती.

त्या दिवशी हिरवा दिवा बघून दोन कामगार पुढे गेले होते. नवरा त्यांना मागे ओढायला धावला. ते दोघे वाचले, सरही वाचले. तो वाचला नाही.