रामहरी मास्तरांचं इंग्रजी

पळसदेवच्या हायस्कुलात रामहरी मास्तर इंग्रजी शिकवायचे, पण ती भाषा नीट बोलणारं माणूस त्यांना जन्मात भेटलं नव्हतं. बाप मेंढरं राखायचा. पोरगा शिकला, मास्तर झाला. नोकरी लागल्यावर इंदापुरात रद्दीच्या दुकानात त्यांना पुठ्ठा उडालेलं एक जाडजूड पुस्तक सापडलं. इंग्रजी हजार वर्षांत कशी बदलत आली, त्याची हकिकत त्यात होती. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते चार वर्षांत वाचून काढलं.

मग वर्गात कुणी ‘नाइफ’मधल्या मुक्या ‘के’वर अडलं, की मास्तर खुलायचे.

“आरं, त्यो मुका न्हवता! जुनी माणसं ‘क्नीफ’ म्हणायची. पुढं जिभंवरनं ‘क’ गळाला, पर छापखान्यानं त्यो कागदावर धरून ठिवला. ‘डेट’ म्हंजी कर्ज, त्यातला ‘बी’ मातुर कुणी कधी बोललाच न्हाय. लॅटिन शिकल्याल्या पंडितांनी त्यो मागनं घुसवला!”

हे सगळं त्यांनी मराठीत एका दोनशे पानी वहीत उतरवलं होतं. पहिली ऐकणारी त्यांची एकुलती लेक, प्रतिक्षा. इंग्रजीतही पूर्वी ‘तू’ होता, ‘दाऊ’ म्हणायचे, मोठ्यांना तेवढं ‘यू’, हे ऐकून दहा वर्षांची प्रतिक्षा म्हणाली होती, “तात्या, मग आईला काय म्हणत असतील?” मास्तर इतके हसले, की त्यांची बायको कुशाबाई चुलीपुढून उठून बघायला आली.

शहाण्णव साली प्रतिक्षा बारामतीला कॉलेजात गेली. विषय इंग्रजीच. दुसऱ्या वर्षी पुण्याच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं होतं, पालकांनाही बोलावणं होतं. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून गेले. एसटीत सारा रस्ताभर त्यांनी मनाशी प्रश्न जुळवला होता.

व्याख्यान संपलं. मास्तर उभे राहिले आणि इंग्रजीत बोलू लागले. ‘सटल’ला ते ‘सबटल’ म्हणाले, तेव्हा मागं कुणीतरी फिसकलं. ‘डिटर्मिन’चं ‘डिटरमाइन’ झालं, तेव्हा दोन बाक हसले. पोरांना प्रश्न आवडला असं मास्तरांना वाटलं. तेही हसले आणि आणखी मोठ्यानं बोलू लागले. मग सगळा हॉलच हसला.

“आपण मराठीत विचारा ना,” पाहुणे सौम्यपणे म्हणाले.

मास्तरांनी लेकीकडं पाहिलं. तिनं ओढणी तोंडाशी धरली होती. नजर फरशीवर होती. ते न विचारताच खाली बसले.

स्टँडवर ती त्यांना सोडायला आली. एसटी लागली. मास्तर पायरीवर चढले, तेव्हा म्हणाली, “तात्या, पुन्हा इंग्रजी नका बोलू. निदान माझ्यासमोर तरी.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात जुनी पोथी सोडतात तशी ती वही त्यांनी उजनी धरणाच्या पाण्यात सोडली. कुशाबाईनं विचारलं, तर म्हणाले, “भिजून खराब झाली हुती.” कोरडी ठणठणीत वही तिनं सकाळीच पाहिली होती. ती पदर डोळ्याला लावून आत गेली.

पुढं एकदा श्रेया नावाच्या चुणचुणीत पोरीनं वर्गात विचारलं, “सर, ‘नी’ म्हंजी गुडघा, त्याच्यामधी ‘के’ कशापायी?” मास्तर फळा पुसत राहिले. “पाठ कर,” म्हणाले.

शेवटच्या वर्षाला प्रतिक्षाला भाषेच्या इतिहासाचा पेपर लागला. पुस्तक उघडलं, तर त्यात ‘क्नीफ’ होता, घुसवलेला ‘बी’ होता, मेलेला ‘दाऊ’ होता. ती तशीच एसटीनं घरी आली. मास्तर अंगणात कडबा रचत होते.

“तात्या, तुमचं सगळं खरं होतं! हे बघा, छापलंय!”

त्यांनी हात झटकून पुस्तक घेतलं, पान पाहिलं, परत दिलं. “व्हय. चांगलं हाय.”

“माझं चुकलं, तात्या. मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं.” तिला हुंदका आवरेना.

“तू खोटं कुठं बोललीस बाळ? माझा उच्चार चुकलाच हुता की.”

“मग आता मला शिकवा. परीक्षेपुरतं तरी.”

मास्तरांचे ओठ हलले. क्षणभर वाटलं, बोलतील. मग ते खाली वाकले आणि कडब्याची पेंढी उचलू लागले. “आता न्हाय येत गं,” म्हणाले.

प्रतिक्षानं दुसरी पेंढी उचलून त्यांच्या हाती दिली.