साकव वाहून गेल्यावर

नवऱ्याच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी मी गावच्या देवीला ओटीचा नवस बोलले होते. तो बरा होऊन चारकोपच्या घरी आला आणि माझ्या मनात भलताच प्रश्न घोळू लागला. हे डॉक्टरांनी केलं की देवीनं? तिच्यासमोर उभं राहिल्यावर तरी कळेल, असं वाटायचं. म्हणून गावाकडचा पूर ओसरल्याचं समजताच धाकट्या दिरासोबत गाडीनं तळकोकणात निघाले.

देऊळ नदीपलीकडे. सकाळी काठावर पोचलो, तर पलीकडे जायचा साकव पुरात वाहून गेलेला. दीर म्हणाला, "वाट लागली, वहिनी. परत फिरू या." मला ते पटेना. पात्र अरुंद, पाणी गढूळ पण अगदी संथ, आणि मी कांदिवलीच्या तलावात रोज पोहणारी. समोर देवळाची कौलं दिसत होती. "दुसरा रस्ता आहे का विचारून ये ना," म्हणून मी त्याला गावात पिटाळलं. ओटीचं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं, ओढणी कमरेला आवळली आणि पाण्यात उतरले. पायाखालची वाळू सरकत होती. त्याचंही मला भय नाही, नवलच वाटलं.

पाणी मांड्यांपर्यंत आलं, तेवढ्यात मागून हाक आली, "गो बाय, जरा हात दी!"

एक म्हाताऱ्या बाई काठाच्या चिखलात रुतून उभ्या होत्या. अशा वेळी कोणी हाक मारावी याचा मला रागच आला. तरी परतले, त्यांना हाताला धरून वर दगडावर बसवलं. त्या धापा टाकत होत्या. मी पुन्हा नदीकडे वळले, आणि त्याच संथ पाण्यातून बांबूचं एक अख्खं बेट मुळांसकट वर आलं, गर्रकन फिरलं आणि पुन्हा बुडालं. पात्राच्या ऐन मध्यावर. वरून पाहिलं तर परत काहीच नाही, तेच शांत पाणी.

मी त्यांच्या शेजारीच बसले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"माका कसला कळता?" त्या म्हणाल्या. "मी पण घाटकोपरसून इलंय, देवीक भेटूक. माझो पाय घसरलो, म्हणान हाक मारलंय."

वाचवलं कोणी? त्यांनी तर नाही म्हटलं. गंमत म्हणजे, उत्तर हवंय असं मला आता वाटेचना. पलीकडे जायची घाईही कुठे गेली कोण जाणे. देवीला इथूनच हात जोडले. आजवर मागणं मागताना जोडले होते. आज नुसतेच जोडले गेले.

मग पिशवी सोडली आणि नारळ, खण, तांदूळ बाहेर काढले.

"बसा, तुमची ओटी भरते."

त्या दचकल्या. "माझी? गो, माझो घोव जावन किती वर्सां झाली! विधवेची ओटी कोण भरता?"

"मी भरते," मी म्हटलं. "पदर धरा."

त्यांनी पदर पसरला.