दातांत धरायची काडी

बेंगळुरच्या लालबागेत तळ्याकाठी कुणी अनोळखी माणूस दातांत गवताची काडी धरून निमूट उभा दिसला, की मी समजायचो, आमची अक्का तिथेच आहे आणि तिच्या हातात सुई आहे.

अक्का म्हणजे माझी आत्या. आम्ही बेंगळुरातले पिढ्यान्‌पिढ्यांचे शिंपी. शिवाजीनगरात दोन जिने चढून गेलं की तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. रविवारी मी तिला तळ्यावर न्यायचो. लोक पाणी बघत, फोटो काढत. अक्का लोकांच्या शिवणी बघे. कुठे टाका सुटलेला दिसला की ही आडवी गेलीच! "थांब अम्मा, स्वल्प थांब. एवढी नटून आलीस नि काठ लोंबतोय की!" अंगावरचा कपडा शिवताना तोंडात काडी हवी, नाहीतर अपशकुन, हा तिचा कायदा. लोक हसत, पण काडी धरत. लाज वाटायची ती मला.

एका रविवारी माझे साहेब सहकुटुंब भेटले. साहेबांची बाही खांद्यापाशी उसवलेली. मी नमस्कार करतोय तोवर मागून आलेल्या अक्कानं गवत उपटून त्यांच्यापुढे धरलं. साहेब गडबडले. "तुमच्या ओळखीच्या?" त्यांनी मला विचारलं.

"छे! असेल कुणीतरी," मी म्हणालो.

अक्कानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. जन्मात माझ्याशी मराठीशिवाय न बोललेली ती बाई मला कानडीत म्हणाली, "तप्पायितु, सार." चुकलं, सर. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती परक्यासारखी निघून गेली.

फाटकाशी ती माझीच वाट बघत उभी होती. "चल, बसला गर्दी होईल," एवढंच बोलली. पुढच्या रविवारी म्हणाली, "गुडघे धरलेत रे." दुकानाचे दोन जिने मात्र ती रोज चढत होती. मला सगळं कळत होतं, आणि खरं सांगतो, हायसंच वाटलं. ती पुन्हा कधी तळ्यावर आली नाही. मीही आग्रह केला नाही.

गेल्या वर्षी इस्पितळात तिच्या उशाशी बसून एकदाचा धीर केला. "अक्का, त्या दिवशी तळ्यावर मी..."

"असू दे रे," तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. "त्या साहेबाची बाही मग कुणी शिवली?"

"कुणीच नाही."

"बघ की. तसाच फिरला बापडा," ती हळहळली आणि डोळे मिटून पडली.

चार दिवसांनी अक्का गेली. माफी मागायची राहूनच गेली.