फाडलेलं कार्ड

आमच्या वडिलांना गुपितं ठेवायची भारी हौस, पण ती पचवायची अक्कल नव्हती.

माझ्या लग्नाला चार दिवस उरले होते. थोरली बहीण नातेपुत्याहून, म्हणजे तिच्या सासरहून, सोलापूरला आमच्याकडे आली होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. दुपारी पोस्टमनने कार्ड आणलं. मेहुणे तापाने गेले होते. वडिलांनी ते आईला दबक्या आवाजात वाचून दाखवलं आणि म्हणाले, "लगीन होईस्तवर तोंडातनं शब्द काढायचा न्हाय. सोयरे अपशकुन म्हणून माघारी फिरत्याल." दाराआड मी उभी होते.

मेल्याची बातमी आणणारं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडतात. वडिलांनी सवयीने त्याचे चार तुकडे करून न्हाणीच्या चुलीत टाकले. चूल पेटलेली आहे की नाही, हे बघायची सवड त्यांना नव्हती.

बहिणीला मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटते, पण मला ते लग्न हवं होतं.

विधवेची सावली नको म्हणून आत्याला मागच्या खोलीत बसवलं होतं. आणि हिरवा चुडा भरलेली माझी बहीण प्रत्येक कार्यात पुढे! हळद तिने लावली, कुंकू तिने लावलं, ओटीही तिनेच भरली. "तू थोरली सवाशीण, तूच हो म्होरं," असं म्हणून आई तोंड फिरवायची. लेक सासरी चालली म्हणून, असं बायका समजायच्या.

वरात गेल्यावर तिला सांगितलं आणि तिचा चुडा फुटला. माझा संसार मात्र दृष्ट लागावी असा झाला.

पुढे आईच्या तेराव्याला आम्ही दोघी त्याच न्हाणीपाशी बसलो होतो.

"त्या दिशी पाणी तापवायला चूल मीच पेटवली," ती म्हणाली. "तुकडे दिसले, वर मुंबईचा शिक्का. चांगल्या बातमीचं कार्ड कोण फाडतंय?"

"मग बोलली का न्हाईस, आक्का?"

"तुझं लगीन मोडलं असतं की." मग तिने विचारलं, "तुला कवा कळलं?"

"वरातीनंतर."

"व्हय का? दाराआड तुझा पदर दिसला व्हता मला, परसातनं."

मी मान खाली घातली. तिने ती वर केली आणि माझं फिसकटलेलं कुंकू बोटाने नीट केलं, लग्नाच्या दिवशी केलं होतं तसंच.