एक नंबर मोठे बूट

चहा घ्या आधी. आणि घोट गिळून मग ऐका, ठसका लागला तर मी जबाबदार नाही. मी जो घोटाळा केला, तसला अख्ख्या मस्कतमध्ये दुसऱ्या कोणी केला असेल ना, तर माणूस आणून दाखवा. मी त्याला साष्टांग नमस्कार घालतो!

दोन हजार पंधरा-सोळा साल असेल. मी रुवीत एका पाट्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. दुकानांचे बोर्ड, दिव्यांची अक्षरं, हॉटेलच्या पाटीवर हसणारी कोंबडी, सगळं आमच्याकडे. निझव्यापासून सहमपर्यंत माझ्या पाट्या लटकत होत्या. म्हणजे कलेतलं मला कोणी काही शिकवायचं शिल्लकच नव्हतं, नाही का?

माझी मुलगी इरा बारावीत होती. तिला बडोद्याला जाऊन चित्रकला शिकायची होती. मी म्हटलं, "शीक की! आधी इंजिनियर हो आणि दर शुक्रवारी सुट्टीला चित्रं काढ. चित्रांचा उपयोग काय गं, सांग मला?"

यावर ती चार दिवस माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलली.

शनिवारी ती युनिव्हर्सिटीत शाळेच्या मुलांसाठी असलेल्या ड्रॉइंग क्लासला जायची. तिथल्या ओमानी प्रोफेसर बाई तिला बडोद्यासाठी शिफारशीचं पत्र देणार होत्या. पण आधी एक काम. युनिव्हर्सिटीच्या गॅलरीत मारिका नावाच्या एस्टोनियाच्या कलाकार बाईंचं प्रदर्शन होतं, सगळं एकट्या त्यांचंच. इराने त्यांच्या हाताखाली मदत करायची. काम चोख, तर पत्र.

"एस्टोनिया कुठे आलं गं?"

"फिनलंडच्या खाली, बाबा."

"हां हां, फिनलंड!" मी म्हणालो. फिनलंड कुठे आलं ते विचारलं नाही. आपलीही काही इज्जत असते.

त्याच सुमारास घरात एक शोधमोहीम चालू होती. इराचं एक चित्र हरवलं होतं. तिने कपाट उपसलं, गाद्या उलटल्या, डोळ्यांत पाणी आणलं. "पसारा करायचा आणि मग शोधत बसायचं!" मी खडसावलं. बाप म्हटला की एवढं करावंच लागतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडून तीन वचनं घेतली.

"बाबा, प्लीज. तू तिकडे काही नाही बोलणार. कशाला हात नाही लावणार. आणि केवढ्याला आहे ते नाही विचारणार. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!" बघा हं, हिचा माझ्यावर केवढा विश्वास!

संध्याकाळी पाच वाजता मी नटूनथटून निघालो. इस्त्रीचा शर्ट, आणि सेलमध्ये घेतलेले तपकिरी बूट. बूट एक नंबर मोठे होते, पण निम्म्या किमतीत मिळाल्यावर माणूस पाय बघतो का? आणि सैल बुटाचा बंदोबस्त मी केव्हाच केला होता.

माझी गाडी गॅरेजात होती, म्हणून नझीरभाईंना त्यांच्या गाडीसकट बरोबर घेतलं. हे आमचे शेजारी, दापोलीकडचे, रुवीत मसाल्याचं दुकान. युनिव्हर्सिटी म्हणजे एवढी थोरली की आम्ही पाऊण तास एकाच चौकाला प्रदक्षिणा घालत होतो. शेवटी मी इराला फोन केला, "अगं, हॉल सापडत नाही, खाली ये." ती बिचारी धावत पार्किंगमध्ये उतरली. तेवढ्यात आम्हाला मागचा जिना दिसला आणि आम्ही वर!

हॉलच्या दारात कोणीच नव्हतं. आत भिंतीच्या कडेने लांबलचक पांढरी पट्टी अंथरलेली, आणि तिच्यावर जोडेच जोडे. चाळीस तरी असतील. रबरी बूट, झिजलेल्या सँडल, बायकांच्या टाचा. भिंतीवर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, पण चष्मा गाडीत राहिला होता. आणि चपलांपाशी लिहून लिहून काय लिहिणार?

"सुहासभाय, काढायचे वाटतं," नझीरभाई म्हणाले.

"अर्थात! दिसत नाही का?"

आता मला सांगा, माझं काय चुकलं? देऊळ असो, दर्गा असो, सत्यनारायण असो, जिथे चपला दिसतात तिथे आपण चपला काढतो. आईच्या दुधाबरोबर आलेली अक्कल ही! आम्ही जोडे काढले आणि रांगेत ठेवले.

इथेच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण आमच्या मंडळाच्या गणपतीत सलग नऊ वर्षं चपलांची ड्युटी माझी. आणि इथे बघतो तर काय अनागोंदी! कोणाची टोकं भिंतीकडे, कोणाची दाराकडे, एका जोडीतला तर एक बूट आत नि एक बाहेर. मला राहवेना. मी खाली वाकलो आणि सगळे जोडे सरळ केले. टोकं भिंतीकडे, जोडीला जोडी, टाचेला टाच.

हात न लावण्याचं वचन? अहो, ते चित्रांबद्दल होतं!

तेवढ्यात मागून माणसं यायला लागली. मला मोज्यांवर बघून पहिल्याने बूट काढले, मग दुसऱ्याने. मी आपला उभा, "शूज हिअर प्लीज! यल्ला, यल्ला, लाइन में!" लांब पांढरा ओमानी झगा, दिशदाशा, घातलेले एक बडे साहेब आले. ते प्रमुख पाहुणे होते हे मला नंतर कळलं. त्यांनीही हसून चामड्याची चप्पल काढून दिली. मी ती दोन रबरी बुटांच्या मध्ये प्रेमाने ठेवली. दहा मिनिटांत पन्नास माणसं मोज्यांवर!

मग आतल्या खोलीतून मारिकाबाई आल्या. उंच, करड्या केसांची बाई. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, भारतीय शिस्त बघून भारावल्या.

त्यांच्यामागून प्रोफेसर बाई आल्या आणि त्यांनी इंग्रजीत जे सांगितलं ते ऐकून माझे मोजे गार पडले. तेच प्रदर्शन होतं हो! ते जोडे म्हणजे मारिकाबाईंच्या गावातली माणसं, फिनलंडला पोटासाठी गेलेली. त्यांचं फिनलंड, आपलं मस्कत. दाराकडे टोक म्हणजे गेलेला, भिंतीकडे म्हणजे परत आलेला, एक आत एक बाहेर म्हणजे अजून ठरत नसलेला. दोन दिवस टेपने मोजून एकेक जोडा मांडला होता. आणि मी दहा मिनिटांत सगळं गाव घरी आणून बसवलं होतं!

"दारावर कोण होतं?" प्रोफेसर बाईंनी विचारलं.

जिन्यातून इरा धापा टाकत वर आली. हातात मांडणीचा नकाशा. तो तिनेच काढलेला. तिने पट्टी बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

"इरा, तुला दार सोडू नको सांगितलं होतं ना? एवढं एकच काम होतं तुझं."

"सॉरी मॅम," ती म्हणाली. बाबांनी बोलावलं म्हणून गेले, असं काही नाही. नुसतं सॉरी.

आता खरा बाप काय करील? पुढे होईल, म्हणेल, चूक माझी आहे. मी काय केलं? मी खांबामागे गेलो. वाटलं, गर्दीत कोणाच्या लक्षात येतंय? तोंडातून शब्द न काढण्याचं वचन मी नेमकं तेवढ्या वेळापुरतं अगदी कसोशीने पाळलं बघा!

मग जोडे ओळखण्याची परेड. पाहुणे एकेक करून आपापले जोडे उचलू लागले. बड्या साहेबांना चप्पल मिळाली. नझीरभाईंची सँडल मात्र मारिकाबाई सोडेनात. इतकी झिजलेली की त्यांना ती गावचीच वाटली!

"अवो बाई, माझी हाय ती, दापोलीची!" नझीरभाईंनी हिसकावून घेतली.

शेवटी नकाशात नसलेली एक जोडी उरली. तपकिरी.

"कोणाचे?" प्रोफेसर बाईंनी विचारलं. मी खांबाला जास्तच चिकटलो. नझीरभाई माझ्याकडे बघून डोळे वटारत होते, मी छताकडे बघत होतो.

मारिकाबाईंनी बूट उचलला, आत बोटं घातली आणि एक जाड कागदाची घडी बाहेर काढली. हाच माझा बंदोबस्त. हळूच उलगडला कागद.

पेन्सिलीचं चित्र होतं. सोफ्यावर आडवा झालेला माणूस, तोंड उघडं, चष्मा कपाळावर, पोटावर रिमोट. खाली सही, इरा.

बड्या साहेबांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा खांबाकडे. मग बोट दाखवलं, "हादा!" म्हणजे, हाच तो!

पन्नास माणसं वळून बघायला लागली. आणि कोणालाही, एकालाही, शंका आली नाही.

"बाबा," इरा म्हणाली, "माझं ड्रॉइंग... तुझ्या शूजमध्ये होतं?"

"कागद जाड होता गं. चांगला वाटला." तिच्या चित्राचं मी तोवर केलेलं एवढंच कौतुक!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझंच तोंड मी तीन आठवडे टाचेखाली तुडवत होतो, आणि पोर गाद्या उलटत होती. मग मात्र मी खांब सोडला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं. फोन मी केला, दार तिने माझ्यामुळे सोडलं, जोडे मी फिरवले, आणि तीन वचनांपैकी फक्त किंमत विचारायची राहिली.

प्रोफेसर बाई हसल्या नाहीत. चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. टाचेच्या ठशासकट. मग म्हणाल्या, "घडी पडली, झिजलं, तरी माणूस ओळखू येतो." पत्र दुसऱ्याच आठवड्यात मिळालं. त्या संध्याकाळी मात्र मी नि नझीरभाई जमिनीवर बसून इराच्या नकाशाप्रमाणे अख्खं गाव पुन्हा फिनलंडला धाडत होतो. ती वर उभी राहून हुकूम सोडत होती, "बाबा, तो नाही. तो परत नाही आला अजून."

चित्रांचा उपयोग काय, असं मी आता विचारत नाही. लपलेला बाप सापडतो, हे पन्नास माणसांनी पाहिलंय.

बडोद्याला जायच्या आधी तिने मला दुकानात नेऊन माझ्या मापाचे बूट घेऊन दिले. मी घालून चार पावलं चाललो. ती गुडघ्यांवर बसली, टाचेत बोट घालून बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "फिट आहेत ना, बाबा? लूज असले तर सांग हं. माझ्याकडे अजून खूप ड्रॉइंग्ज आहेत."