दुपट्ट्याखालचा डावा हात

आमच्या सेंटर फॉरवर्डनं सगळ्या गावाला फसवलं. हे वाक्य दवनीवाड्यात पहिल्यांदा मी बोललो, माइकवर बोललो, आणि पुढं दोन वर्षं बोलत राहिलो. आता ते कुणाचंही झालं आहे. पानठेल्यावर उभा असलेला माणूसही ते असं म्हणतो, जणू त्यालाच सुचलं होतं.

मी जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करतो. फुलचूरला रस्त्याच्या कडेला माझं शेड आहे. बापाजवळ ना जमीन होती ना बैल. मी लोकांचे बैल बाजारापर्यंत हाकत न्यायचो आणि तिथं दलालांच्या मागं उभा राहून सौदा शिकलो. बैलबाजारात खरा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर दुपट्टा टाकतात, आणि त्याखाली बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कळतं ते फक्त त्या दोघांना. नुसत्या पकडीवरूनही पुष्कळ कळतं. विकणाऱ्यानं हात ढिला सोडला की समजायचं, तो आढेवेढे घेतो आहे, त्याला मनवून घ्यायचं आहे. असे किती हात मी धरले असतील याची मोजदाद नाही. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आले, पण माणूस मी हातानंच ओळखतो असं मला वाटायचं.

आमच्याकडं धान कापून मळणी झाली की गावाला थोडे दिवस मोकळे मिळतात. त्या दिवसांत शाळेच्या मैदानावर हॉकीचे सामने होतात. बांबूचं कुंपण पडतं, शेंगा आणि भज्यांची दुकानं लागतात, आसपासच्या गावांतून माणसं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून येतात. मैदान सपाट करायचा रोलर माझ्या ट्रॅक्टरला बांधून फिरतो. मला स्वतःला कधी धड चेंडू अडवता आला नाही, पण त्या रोलरच्या जोरावर मी सामने भरवणाऱ्या आणि गावाचा संघ ठरवणाऱ्या समितीत बसतो, आणि सामना चालू असताना माइक माझ्याजवळ असतो.

तो सेंटर फॉरवर्ड आमच्याच गावचा. शाळेत असताना बांबूच्या बुडख्याची वाकडी काठी घेऊन खेळायचा. मीच मास्तरांना म्हटलं होतं, या पोराला सोडू नका. पुढं तो नागपूरला गेला, खेळावर सरकारी नोकरीत लागला, खात्याच्या संघातून खेळू लागला. तरी दरवर्षी सामन्यांना रजा काढून गावाकडून खेळायला यायचा. डावीकडून चेंडू घेऊन निघाला की कुंपणाजवळचे लोक हातातल्या शेंगा तशाच धरून उभे राहायचे. आणि गावाकडं येताना घरी जायच्या आधी फुलचूरला उतरून माझ्या शेडवर यायचा. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, याला मी ओळखला, सगळ्यांत आधी मी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सामन्यांना चार दिवस होते. तो नेहमीसारखा शेडवर आला. त्या वेळी कामठा गावचे दोघं एक ट्रॅक्टर बघायला आले होते. त्यातला एक त्यांच्या हॉकी संघाचं सगळं बघायचा. चहा चालू होता. हा आला, त्या दोघांना बघून जरा थांबला, मग बाकावर बसला. बराच वेळ नुसता बसून राहिला. शेवटी म्हणाला,

"काकाजी, औंदा मले बसवा ना. नाहीतर मागं खेळवा, बॅकले."

"काऊन?"

त्यानं कामठेवाल्यांकडं एकदा पाहिलं. "असंच. नवीन पोट्टे आहेत, त्याइले चान्स भेटन."

कामठ्याचा तो माणूस खुशीत आला. "बसवा भाऊ, बसवा याले! आमच्या घरी दिवाळी होते."

सगळे हसलो. मीही हसलो, पण आतून तापलो होतो. माझ्या धंद्यात पहिल्या वाक्यात कुणी खरं बोलत नाही. बैल विकायला आणणारा म्हणतो, विकायचाच नाही, नुसता फिरवायला आणला. ट्रॅक्टरवाला म्हणतो, घरचे देऊ नका म्हणतात. मला वाटलं, हा मोठा झाला, याला आता पाया पडून खेळवायला पाहिजे. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हात पुढं केला.

"तोंडानं नको बोलू. इथं हात ठेव. सांग, किती गोल?"

त्यानं हात दिला तो डावा.

"अबे, डावा कायले देतोस? सौदा उजव्या हातानं होते."

"हाच घ्या, काकाजी."

मी दुपट्टा टाकला. त्याचा अंगठा आणि दोन बोटं माझ्या हातावर घट्ट बसली. बाकीची दोन नुसती टेकून राहिली, जोर नसलेली. तो माझ्याकडं टक लावून बघत होता. हसत नव्हता. ते सगळं मला त्या क्षणी कळलं होतं, म्हणजे हाताला कळलं होतं. डोक्यानं मात्र एवढंच धरलं की हात ढिला आहे, हा आढेवेढे घेतो आहे. मी त्याची बोटं माझ्या मुठीत दाबली आणि म्हटलं,

"ठरलं. फायनलपर्यंत तू पुढंच. पुढच्या साली बस."

त्यानं हात काढून घेतला. "बरं, काकाजी."

"काय ठरलं, भाऊ?" कामठ्याच्या माणसानं विचारलं.

"तुमची हार," मी म्हटलं. पुन्हा सगळे हसले. तो चहा न पिताच उठला.

पहिल्या सामन्यात त्याचे तीन फटके वाया गेले. एक तर गोलासमोरून. चेंडू स्टिकला लागायचा आणि कुठंतरी भलतीकडं जायचा. लोकांनी पहिल्या दिवशी सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुरुवात झाली. एक जण कुंपणाच्या बांबूवर चढून ओरडला, "ओ साहेब, नोकरी पक्की झाली म्हणून आंग दुखून राहिलं का?" गोंदियाहून आलेली पोरं हिंदीत सुरू झाली, "हीरो, बॉल इधर है! फोटो बाद में खिंचवाना!" शेंगा विकणारी बाईसुद्धा म्हणाली, "बायकोनं जेवाले नाही देलं का याले?" त्यावर सगळा कोपरा हसला. त्यालाही ऐकू गेलं असणार. तो अगदी तिथंच उभा होता.

कुणीतरी त्याचा हुकलेला फटका मोबाइलवर हळू करून, मागं रडका बँड लावून ग्रुपवर टाकला. तो मी आणखी तीन ग्रुपवर पाठवला. एका ग्रुपमध्ये त्याचा धाकटा भाऊ होता. हे मला पाठवताना माहीत होतं.

दुसऱ्यांच्या गोलांवर आम्ही फायनलला पोचलो. समोर कामठा. एक-एक अशी बरोबरी, थोडा वेळ उरलेला, आणि आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, मारणाऱ्यासमोर फक्त गोलकीपर. त्यानं कॅप्टनला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि एका दुसऱ्या खेळाडूकडं बोट दाखवलं. मी ते बघितलं. माइक माझ्या हातात होता. मी म्हटलं, "त्यालेच द्या! गावाचा स्ट्रोक गावाचा हीरो मारन!" मग सगळ्या मैदानानं तेच धरलं. कॅप्टनचा इलाज चालला नाही.

तो चेंडूपाशी उभा राहिला. चड्डीला हात पुसला, डावाच, दोनदा. मग मारला. स्टिक त्याच्या हातात फिरली आणि चेंडू कोंबडीचं पिल्लू चालावं तसा गोलकीपरच्या पायाशी गेला. गोलकीपरला हलावंसुद्धा लागलं नाही. लगेच पुढच्या हल्ल्यात कामठ्यानं गोल केला आणि सामना संपला.

लोक आधी गप्प झाले. त्या शांततेत मी माइकवर बोललो. मला थांबता आलं असतं. रागात मला सुचत नाही असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. रागातच मला फार लवकर सुचतं. मी म्हटलं, "आपल्या सेंटर फॉरवर्डनं सगळ्या गावाले फसवलं! विकला गेला हा! सामन्यांच्या चार दिवस आधी माझ्याच शेडवर कामठेवाल्यांच्या बाजूला बसून होता! मी डोळ्यानं पाहिलं!"

पहिली दोन वाक्यं सोडली तर पुढचा शब्द न् शब्द घडलेला होता. तो बसला होता, ते बसले होते, मी पाहिलं होतं. कामठ्याचा तो माणूस पंधरा पावलांवर उभा होता. तिथं काय बोलणं झालं हे त्याला माहीत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग टेबलावरच्या विजेत्यांच्या कपाकडं पाहिलं, आणि गप्प राहिला.

आमचा सेंटर फॉरवर्ड मैदानाच्या मधोमध होता. त्यानं वर माझ्या टेबलाकडं पाहिलं. भांडेल असं मला वाटलं. मी तयारीतच होतो. त्यानं स्टिक उजव्या काखेत धरली आणि कुंपणातून वाट काढत निघून गेला. लोकांनी वाट दिली, पण हात कुणी लावला नाही.

पुढच्या वर्षी तो आला नाही. गावात म्हणायचे, तोंड कोणतं दाखवन? मीही म्हणायचो. पण सामने बघायला माणसं कमी आली. शेंगावाली दुपारीच उठून गेली. म्हणून यंदा समितीत ठरलं की त्याला बोलवायचं, आणि बोलवायला मीच जावं. मला ते पटलं. मी मनात म्हटलं, चला, माफ करून टाकू. खरंच, त्याच्या घरी मी माफ करायला गेलो होतो.

ओसरीवर त्याचे वडील सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसले होते. मी म्हटलं, "झालं ते झालं. गाव विसरलं. औंदा त्याले पाठवा."

"काय विसरलं गाव?" त्यांनी मान वर केली नाही.

"स्ट्रोकचं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमाले तर मालूम होतं ना, भाऊ?"

"काय मालूम होतं?"

"हाताचं. नागपूरले कोपरावर पडला, नस दबली. दोन बोटं बंदच होत नाहीत. ऑफिसात समजलं तर टीममधून काढतीन म्हणून चुप होता. पण तुमाले सांगतो म्हणून शेडवर गेलता. घरी येऊन म्हणे, कामठेवाले बसले होते, त्याइच्यासमोर कसा बोलू? पण काकाजीनं दुपट्टा टाकला तवा मी तोच हात देला. त्याइनं लय हात धरले, त्याइले समजलं असन."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मग तुम्ही माइकवर बोलले," ते म्हणाले. "तवा आमी म्हटलं, समजूनच बोलले असतीन."

मी ओसरीवरून कसा उठलो ते आठवत नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र पहिला आला तो राग. माझ्या स्वभावाला दुसरं काही आधी येतच नाही. दोन वर्षं ते घर मला जाणूनबुजून गळा कापणारा समजत होतं, त्याच रस्त्यानं मी रोज गेलो, आणि एकदाही कुणी अडवून विचारलं नाही! मग राग उतरला आणि हाताला ती दोन बोटं पुन्हा लागली. अजून लागतात. कुणाचा हात हातात घेतला की लागतात.

त्याला फोन केला. म्हटलं, "बाबू, मले समजलं नव्हतं रे." तो पलीकडून म्हणाला, "जाऊ द्या ना, काकाजी. रोलर फिरवला का औंदा?" मी म्हटलं, शिव्या दे. म्हणाला, "ऑफिसात आहो, ठेवतो." सौदा मोडला तरी समोरचा जाताना दोन शब्द ऐकवून जातो. यानं तेवढंही केलं नाही.

समितीत मी सांगितलं की तो विकला गेला नव्हता, मी खोटं पसरवलं. एक जण म्हणाला, "तुमचा काही सौदा असन भाऊ, त्याले आणाचा." बाकीचे हसले. जन्मभर असा बोललो की आता खरं बोललो तरी लोक पुढच्या आकड्याची वाट बघतात.

मैदानावर माझा रोलर कालपासून फिरतो आहे. म्हणून हे लिहून काढलं. बोललेलं कुणी मानत नाही, लिहिलेलं निदान कुणाला दाखवता येईल. कामठ्याच्या त्या माणसानं आधी सांगावं: तुझ्यासमोर तो मला बसवा म्हणाला होता, तू ऐकलं होतंस, मग कप हातात घेताना तोंड का उघडलं नाहीस? कॅप्टननं सांगावं, त्यानं कानात काय सांगितलं होतं आणि ते माझ्या माइकपुढं कमी का पडलं. आणि बाबू, तू. तू हात दिलास, मला समजला नाही, तो गुन्हा माझा. पण मला समजला असं तू कसं धरून चाललास? एवढा नीच ठरवलास मला, तर समोर येऊन विचार. फायनलच्या दिवशी ये. माइक तुझ्या हातात देतो. सगळ्या गावासमोर मला विचार, "काकाजी, माझा हात धरला होता ना?" विचार. मला उत्तर द्यायचं आहे.